दार वाजवणारी मुले

ऑक्टोबर लागला की आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. माझी मुलगी न्यू जर्सीत राहते, एक पुतण्या टोरांटोत, एक भाचा लंडनजवळ. तिघांच्याही घरी लहान मुले आहेत, आणि त्या मुलांना ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सोंगे घेऊन शेजाऱ्यांची दारे वाजवायची असतात. इकडे सोलापुरातून, मिरजेतून, कोंढव्यातून काका, मामू, खाला एकच संदेश पुढे ढकलत राहतात. हॅलोविन म्हणजे सैतानाची पूजा. दोन हजार वर्षांपूर्वी ‘समहेन’ नावाच्या मृत्यूच्या देवाला या रात्री माणसांचे बळी देत. जे पोर भोपळ्याचा दिवा लावते ते नकळत शिर्क करते.

मी इतिहासाचा मास्तर होतो. जायज-नाजायज सांगणे माझे काम नाही. त्यासाठी आलिम आहेत, आणि त्यांतले बहुतेक ‘नको’च म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण संदेशात इतिहास म्हणून जे सांगितले जाते ते तपासता येते. मुलीच्या घरी मी दोन ऑक्टोबर काढले, तेव्हा नातवंडे शाळेत गेली की मी तेच करत बसे.

त्या देवापासूनच सुरुवात करू. असा देव कधी नव्हता. ‘समहेन’ असे इंग्रजीत दिसणाऱ्या शब्दाचा आयरिश उच्चार ‘साविन’ असा काहीसा आहे, आणि उन्हाळ्याचा शेवट असा त्याचा अर्थ सहसा सांगतात. उन्हाळी कुरणांवरून गुरे खाली आणायची, हिवाळ्यात पोसता येणार नाहीत तेवढी कापायची, मेजवान्या करायच्या, राजांनी दरबार भरवायचे, असा तो १ नोव्हेंबरच्या आसपासचा सण. आपल्याला त्याची माहिती मिळते ती मध्ययुगात ख्रिस्ती भिक्षूंनी लिहून ठेवलेल्या कथांतून. त्यांपैकी एका ग्रंथात एका मूर्तीला पहिल्या अपत्याचा बळी देण्याची गोष्ट आहे खरी, पण लिहिणारे जुन्या धर्माचे विरोधक, आणि लिहिले तेही तो धर्म बुडून शेकडो वर्षे झाल्यावर. ‘मृत्यूचा देव’ हा शोध त्याहूनही ताजा, अठराव्या शतकातला. चार्ल्स व्हॅलन्सी नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी मोजणीच्या कामावर आयर्लंडमध्ये होता आणि आयरिश भाषेचे धागे जगातल्या वाटेल त्या भाषेशी जोडण्याचा त्याला छंद होता. त्याच्या पुस्तकांतून हा देव निघाला तो आजतागायत फिरतो आहे. आपल्याकडेही असे हौशी संशोधक कमी झाले नाहीत, म्हणून मला त्याचे फार आश्चर्य वाटले नाही.

दुसरा भाग असा सांगतात की चर्चने हाच काफिर सण उचलून त्यावर ‘सर्व संतांचा दिवस’ चिकटवला. यातही गडबड आहे. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की आयर्लंडचे चर्च सुरुवातीला सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला पाळत होते. १ नोव्हेंबर ही तारीख इंग्लंड-जर्मनीच्या बाजूने, इसवी सन ८००च्या सुमारास रूढ झाली. म्हणजे ज्या देशात तो जुना सण होता तिथून ती तारीख आलीच नाही.

मग आमच्या काकांच्या मोबाइलवर हे सगळे आले कुठून? संदेशाचे वळण ओळखीचे आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कडव्या प्रॉटेस्टंट मंडळींनी हॅलोविनविरुद्ध मोहीमच उघडली होती. जॅक चिक हा प्रकाशक त्यासाठी खिशात मावतील अशी छोटी चित्रपत्रके छापत असे. बळी, सैतान, भोपळ्याचे गूढ, सारे त्यांत आहे. याच चिकने इस्लामविरुद्धही पत्रके काढली. अल्लाह ही मूळची चंद्रदेवता, असा त्याचा दावा. गैरांची नक्कल करू नका असे बजावणारा आपला संदेश त्याच माणसाच्या वळणावर बेतलेला आहे, हे ग्रुपवर लिहिल्यावर दोन दिवस शांतता होती. नंतर कोणीतरी गुडघेदुखीचा इलाज टाकला.

हॅलोविनमध्ये मृतांचा प्रवेश झाला तो मात्र चर्चमधूनच. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओडिलो यांनी सन १०००च्या आसपास आपल्या मठांत २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांसाठी दुआ करण्याचा दिवस ठरवून दिला. मेलेले नातेवाईक मधल्या जागी अडकलेले असतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्यांचा भार हलका होतो, ही त्यामागची श्रद्धा. इंग्लंडात त्या दिवसांत गरीब माणसे आणि पोरे दारोदार जात. घरवाले त्यांना ‘सोल केक’ नावाची छोटी गोड भाकरी देत आणि ती खाणाऱ्याने त्या घरच्या मृतांसाठी दुआ करायची. शेक्सपिअरच्या एका नाटकात रडव्या आवाजात बोलणाऱ्या प्रेमिकाला या सणातल्या भिकाऱ्याची उपमा दिली आहे, इतके ते दृश्य सर्वांच्या ओळखीचे असणार. पुढे इंग्लंड प्रॉटेस्टंट झाले, मृतांसाठी दुआ करणे धर्मबाह्य ठरले. तरी चेशर, श्रॉपशरसारख्या भागांत पोरे एकोणिसाव्या शतकातही केक मागत फिरतच होती. दुआ गेली आणि खाऊ उरला.

हे वाचताना मला शब-ए-बरातचा वास यावा यात नवल नाही. शाबानच्या पंधराव्या रात्री दादी चण्याच्या डाळीचा हलवा करायची. लोबान लावून, घरातल्या गेलेल्या प्रत्येकाचे नाव घेऊन फातिहा व्हायची. त्या रात्री रूह घरी येतात, असे ती म्हणे. मग आम्ही पोरे रुमालाने झाकलेल्या ताटल्या घेऊन मोहल्लाभर दारे वाजवत जायचो. एक ताटली द्यायची आणि त्या घरची दुसरी घेऊन यायची. दादीच्या या म्हणण्याला दीनमध्ये आधार नाही, असे आमचे नंतरच्या पिढीतले मौलवी सांगत आणि हलवाही हळूहळू कमी झाला. पण दख्खनच्या मुसलमानांत ही चाल किती मुरलेली होती ते पाहायचे असेल तर जाफर शरीफ यांचा ‘कानून-ए-इस्लाम’ वाचावा. हर्क्लॉट्स नावाच्या मद्रासकडच्या डॉक्टरने त्याचे इंग्रजी करून १८३२ साली लंडनमध्ये छापले. शब-ए-बरातचा हलवा, मृतांच्या नावाची फातिहा, रात्रीची आतषबाजी, सगळे त्यात आहे.

त्याच पुस्तकातले मोहरमाचे प्रकरण तर हॅलोविनवर वाद घालणाऱ्या प्रत्येक दख्खनी मुसलमानाने वाचले पाहिजे. मोहरमाच्या दिवसांत लोक जी सोंगे घेत त्यांची जंत्रीच जाफर शरीफ देतात: वाघ, मजनून, नाना प्रकारचे फकीर. प्रत्येकाचा पोशाख, रंग, हातातली वस्तू आणि मागण्याची तऱ्हा वेगळी. माझ्या लहानपणी सोलापुरात अंगावर पिवळे-काळे पट्टे ओढलेली वाघाची पोरे हलगीवर नाचत. नवसाच्या मुलाला दहा दिवस ‘फकीर’ करत. हिरवे कपडे, गळ्यात नाडा, खांद्याला झोळी, आणि पाच घरी जाऊन मागायचे. आमच्या शेजारच्या लिंगायत घरातला मुलगाही फकीर होई आणि त्याची आई पहिली भिक्षा आमच्या दारात मागायला त्याला घेऊन येई. सोंग घेतलेले पोर दारात उभे राहून मागते आहे, हे दृश्य मला तरी अमेरिकेत जाऊन पहिल्यांदा पाहावे लागले नाही.

अरबांकडेही हेच. कुवेत, बहरीन, सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर रमजानच्या मध्याला ‘गरगिआन’ असतो. पोरे गळ्यात पिशव्या अडकवून गाणी म्हणत दारोदार जातात आणि लोक ओंजळभर सुकामेवा, गोळ्या टाकतात. अमिरातीत हीच गोष्ट शाबानच्या मध्याला होते, तिला ‘हक अल-लैला’ म्हणतात. म्हणजे दादीच्या हलव्याचीच तिथी.

आणि खोडीसुद्धा आपल्याकडे होती. कैरोचा इतिहासकार मकरीझी फातिमी आणि ममलूक काळातल्या नवरोजचे वर्णन करतो. लोकांतलाच एक जण ‘नवरोजचा अमीर’ व्हायचा, चेहरा रंगवून गाढवावर बसायचा आणि टोळके घेऊन बड्या लोकांच्या दारी जायचा. हातात खंडणीचा खोटा हुकूमनामा. पैसे दिले तर ठीक, नाही तर शिव्या आणि अंगावर घाण पाणी. रस्त्यात अंडी फेकली जात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बरकूकच्या काळात हे बंद पाडण्यात आले. त्याच्या आधी दमास्कसमध्ये इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी गैरांच्या सणांत सामील होऊ नये यावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. ख्रिस्ती लोकांच्या गुरुवारी मुसलमान घरांत अंडी रंगवतात, खास जेवण करतात, धूप विकत आणतात, यावर ते चिडलेले आहेत. इतका मोठा ग्रंथ लिहावा लागला, यावरूनच समजा दमास्कसच्या घरोघरी काय चालले असेल ते. आमच्या ग्रुपवरचा वाद सातशे वर्षांचा आहे.

आता अमेरिका. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांना संतांचे कोणतेच दिवस मान्य नव्हते. त्यांनी १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, तर हॅलोविनची काय कथा. तो तिथे रुजला तो नंतर, स्कॉटिश आणि विशेषतः आयरिश लोकांबरोबर. १८४५ ते १८५२ या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. गावी ही माणसे सलगम कोरून त्यात निखारा किंवा मेणबत्ती ठेवत. तसा एक सलगमाचा मुखवटा मेयो परगण्यातल्या संग्रहालयात आहे, आणि त्याच्यापुढे आजचा भोपळा अगदी हसरा वाटतो. अमेरिकेत मोठा, पोकळ, कोरायला सोपा असा तिथलाच भोपळा मिळाला आणि सलगम मागे पडले.

पण तेव्हाचा हॅलोविन लहान मुलांचा नव्हता, टग्यांचा होता. आपल्याकडे शिमग्याला पोरे जशी कोणाच्या गोवऱ्या, कोणाची मोडकी खाट होळीसाठी पळवतात आणि घरमालक बोंबलत बसतो, तसाच प्रकार. कुंपणाची फाटके उपटून न्यायची, घोडागाडी सुटी करून छपरावर चढवायची, खिडक्यांना साबण फासायचा. मिनेसोटातल्या अनोका गावात गायी मोकळ्या सोडून भर बाजारात हिंडवल्या जात. कंटाळून गावाने १९२०मध्ये पोरांसाठी मिरवणूकच सुरू केली. १९३०च्या मंदीत शहरांतला दंगा फारच वाढला. मोटारी उलथणे, आगी लावणे इथवर मजल गेली. तेव्हा शाळा, मंडळे, गृहिणी यांनी एक साधा सौदा शोधला: पोरांना आत बोलवा, खायला द्या, म्हणजे ती नासधूस करणार नाहीत. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणजे ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’. हे शब्द कॅनडातल्या अल्बर्टाच्या एका बातमीत १९२७ साली छापलेले सापडतात. महायुद्धात १९४२पासून साखर मोजूनमापून मिळू लागली, त्यामुळे हा सौदा अडला. १९४७मध्ये साखर मोकळी झाली आणि चार-पाच वर्षांत रेडिओ, बालमासिके आणि डिस्नेच्या १९५२च्या कार्टूनने तो देशभर पोचवला. नव्या उपनगरांत एकसारखी घरे, ओट्यावर दिवा, आणि पोरांची रांग. अमेरिकन लोक ज्याला पुरातन परंपरा समजतात ती माझ्याच वयाची आहे. १९५०मध्ये फिलाडेल्फियाकडच्या ॲलिसन या पाद्री दांपत्याने मुलांकडून गोळ्यांऐवजी नाणी गोळा करवून युनिसेफला पाठवली. पहिल्या वर्षी १७ डॉलर जमले. दार वाजवून परक्या मुलांसाठी मागण्याची ही चाल पुढे लाखो मुलांनी पाळली.

अनोळखी दार वाजवायचे आणि ते उघडेल असे धरून चालायचे, यावरच या सणाची सगळी उभारणी आहे. म्हणून त्याला भीती चिकटली तीही दाराचीच. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा टिमोथी ओब्रायन हॅलोविनच्या रात्री गोळीतल्या सायनाइडने मेला. देशभर आईबाप हादरले. प्रत्यक्षात विष घातले होते त्याच्या बापाने, विम्याच्या पैशांसाठी. त्याला १९८४मध्ये मृत्युदंड झाला. तरी अनोळखी माणसांच्या गोळ्यांची दहशत राहिली, आणि १९८२मध्ये शिकागोकडे औषधाच्या कॅप्सूलमधल्या विषाने सात जण मेल्यावर तिला आणखी जोर आला. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी वर्षानुवर्षांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी शेजाऱ्याने दिलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही खरी घटना त्यांना सापडली नाही.

दारात उभ्या असलेल्या पोराचे काय होऊ शकते, याचे उत्तर मात्र सापडते. १७ ऑक्टोबर १९९२. लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये योशिहिरो हत्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला होता, अंगात नाचगाण्याच्या सिनेमातला पांढरा सूट. पत्ता चुकला, भलत्याच घराची बेल वाजवली. घरमालकाने ‘फ्रीझ’ म्हणजे ‘जागेवर थांब’ असे ओरडून बंदूक रोखली. तो पुढे आला आणि गोळी लागून मेला. ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडले. मुलाच्या आईवडिलांनी जपानमध्ये लाखो सह्या गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हाती दिल्या.

मी पहिल्यांदा तिथे होतो ते २०२३ साल. ऑक्टोबर उजाडला तो भोपळ्यांच्या शेतावर जाऊन, वाळक्या गवताच्या गाडीत बसून. चार वर्षांच्या नातवाने स्वतःएवढा भोपळा निवडला होता. आतला गर काढताना त्याचे हात कोपरापर्यंत केशरी झाले. बिया आम्ही मीठ-मिरची लावून भाजल्या. नातीला अंतराळवीर व्हायचे होते. मग ७ ऑक्टोबर आला आणि त्यानंतर १४. शिकागोजवळच्या प्लेनफील्ड टाउनशिपमध्ये वदी अल-फयूम या सहा वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलाला घरमालकाने सुऱ्याने भोसकून मारले, त्याची आईही गंभीर जखमी झाली. मुसलमान होता म्हणून मारले. न्यायालयाने पुढे २०२५मध्ये हा द्वेषाचा गुन्हा ठरवला. त्या दारातला माणूस अनोळखी नव्हता.

माझी मुलगी हिजाब करते. त्या आठवड्यात भोपळा ओट्यावर तसाच होता, नातीचा पोशाख खुर्चीवर. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र समहेनचा बळी चालू होता, आणि मला पहिल्यांदाच त्याचा खरोखर राग आला. त्या घरात प्रश्न फार साधा होता. कोणत्या दारापर्यंत पोरांना न्यायचे? जावई म्हणाले, यंदा राहू द्या. मुलीने कागद घेतला आणि आपल्या रस्त्यावरची घरे काढली. ज्यांची नावे तिला लिहिता आली अशी सहा निघाली. ती सहा दारे मुले वाजवून आली. मी फुटपाथवर उभा होतो, दार उघडेपर्यंत प्रत्येक वेळी मोजत. कोणी काही बोलले नाही. एका बाईने नातीला चंद्रावरची खबर विचारली.

पुढच्या वर्षी, २०२४ला, दिवाळी आणि हॅलोविन एकाच दिवसावर आले. त्या भागात भारतीय इतके की कित्येक पायऱ्यांवर भोपळ्याशेजारी पणत्या आणि एका ठिकाणी तर भुताच्या पुतळ्यापुढे रांगोळी. या वेळी मुलांनी चाळीसेक दारे केली. रात्री जमिनीवर चादर पसरून तीन ढीग लागले: हलाल, मशकूक आणि नाही. अमेरिकन गोळ्यांत डुकराचे जिलेटिन कुठे कुठे असते हे सात वर्षांच्या माझ्या नातीला पाठ आहे. पिवळ्या-पांढऱ्या मक्याच्या दाण्यासारखी कँडी न वाचताच तिसऱ्या ढिगात गेली. काही घरांपुढे निळसर-हिरवा भोपळा असतो. ज्या मुलांना शेंगदाणे-बदाम चालत नाहीत त्यांना इथे खेळणी, खोडरबर असले काही मिळेल अशी ती खूण, दहाएक वर्षांपूर्वी सुरू झालेली. आमच्या पोरांनी ती घरे हेरून ठेवली आहेत, कारण खोडरबराचे लेबल वाचावे लागत नाही.

झोपताना नातीने विचारले, “नाना, आपली अशी रात्र कधी असते?” मी तिला दादीच्या ताटल्या सांगितल्या, नवसाचा फकीर सांगितला. फकीर तिला फार आवडला, पण तिच्या आईने हिरव्या कपड्यांवरूनच विषय थांबवला. ताटल्या मात्र राहिल्या. शब-ए-बरात आली ती २०२५च्या १३ फेब्रुवारीच्या रात्री. मी तेव्हा सोलापुरात होतो. व्हिडिओ कॉलवर डाळ किती भाजायची ते सांगत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघे भावंडे झाकलेल्या ताटल्या घेऊन त्याच सहा दारी गेली. तारीख १४, त्यामुळे सगळ्यांना वाटले व्हॅलेंटाइनची मिठाई. नातीने प्रत्येक दारात सांगितले की ही आमच्या मेलेल्या माणसांसाठी आहे. चंद्राची खबर विचारणाऱ्या त्या बाईंनी ताटली दोन्ही हातांनी घेतली आणि यात बदाम आहेत का, एवढेच विचारले.